प्रतिक्रियेला उत्तर: वय दाण्याचं की डोंगराचं?

नमस्कार भाऊ,

कर्नाटकातल्या रायचूर भागातल्या हट्टी-मस्कीच्या हरितपाषाण (हिरव्या पाषाणाच्या) पट्ट्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि सकाळी पुन्हा वाचली. झिरकॉन नावाच्या खनिजाच्या दाण्यात युरेनियमचं हळूहळू शिसं होतं आणि त्यावरून दगडाचं वय काढतात, असं त्या लेखात होतं. तुमचं म्हणणं असं: "सुरुवातीला दगडात शिसं नव्हतंच कशावरून? मधल्या काळात ते झिरपून गेलं नाही कशावरून? मोजला एक दाणा आणि वय सांगता अख्ख्या डोंगराचं." दाणा दुसरीकडूनच आला असेल, अशीही शंका काढलीत. पुढे लोणारच्या विवराच्या बदललेल्या वयाचा दाखला दिलात, तुमच्या बोअरमधल्या तांबड्या पट्ट्याचं लिहिलंत, आणि शेवटी विचारलंत, "किल्लारी झाली तेव्हा हे शास्त्र कुठं होतं?"

दाणा आणि डोंगर हा मुद्दा तुमचा खरा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

"हट्टीचा हिरवा पाषाण 254 कोटी वर्षांचा आहे," असं मी लिहिलं होतं. ते वाक्य चुकलं. हिरवा पाषाण म्हणजे मुळात पाण्याखाली ओतलेला लाव्हा, आपल्या काळ्या दगडाचाच लांबचा पूर्वज. पुढे उष्णतेनं आणि दाबानं त्यात हिरवी खनिजं तयार झाली म्हणून तो हिरवा. अशा लाव्हात सिलिका कमी असते, त्यामुळे झिरकॉनचे दाणे त्यात सहसा तयारच होत नाहीत. 254 कोटी हे वय त्या पट्ट्यात नंतर घुसलेल्या ग्रॅनाइट जातीच्या खडकाचं आहे. भिंत आधी, खुंटी नंतर. म्हणजे हिरवा पाषाण 254 कोटींहून जुना. किती जुना, हे लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या फिक्या, सिलिकायुक्त ज्वालामुखी खडकांवरून ठरतं, कारण त्यांत झिरकॉन सापडतो. मस्कीला अशोकाचा शिलालेख आहे, 1915 साली तो उजेडात आला. त्यावरून अक्षरं कधी कोरली ते समजतं. दगड त्याआधीचा, एवढंच त्यातून निघतं. मी अक्षरांचं वय दगडाला लावून टाकलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता शिशाचं. तुमच्या लातूर भागात गुऱ्हाळं आहेत, म्हणून तिथूनच सांगतो. पाकातून साखरेचा खडा धरतो तेव्हा तो मळी आत घेत नाही, बाहेर ठेवतो. वितळलेल्या खडकातून झिरकॉनचा स्फटिक धरतो तेव्हा असंच होतं. युरेनियमचा अणू झिर्कोनियमच्या जागी बऱ्यापैकी बसतो, शिशाचा बसत नाही. त्यामुळे सुरुवातीला दाण्यात युरेनियम असतं आणि शिसं जवळजवळ नसतं. हे नुसतं गृहीत धरून कुणी पुढे जात नाही. शिशाचा 204 वजनाचा एक प्रकार आहे, तो युरेनियमपासून कधीच तयार होत नाही. दाण्यात तो किती आहे हे मोजलं की बाहेरचं शिसं किती शिरलं ते कळतं आणि हिशेबातून वजा करता येतं.

खरी गंमत पुढे आहे, आणि मूळ लेखात मी ती दोन ओळींत उरकली होती. युरेनियम दोन प्रकारचं असतं. 238 वजनाचं निम्मं व्हायला सुमारे 447 कोटी वर्षं लागतात, 235 चं सुमारे 70 कोटी वर्षांत निम्मं होतं. पहिल्यापासून 206 वजनाचं शिसं होतं, दुसऱ्यापासून 207 चं. एकाच दाण्यात दोन घड्याळं, दोघांची चाल वेगळी. 254 कोटी वर्षांच्या, काहीही न गमावलेल्या दाण्यात आज उरलेल्या युरेनियम-238 च्या दर 100 अणूंमागे शिसं-206 चे 48 अणू असायला हवेत. युरेनियम-235 च्या मात्र दर एका अणूमागे शिसं-207 चे 11. दोन्ही आकडे एकाच वयाकडे बोट दाखवतात.

समजा तुम्ही म्हणता तसं अलीकडेच निम्मं शिसं झिरपून गेलं. दोन्ही प्रकारचं शिसं रसायन म्हणून सारखंच, त्यामुळे दोन्ही निम्मं झालं. मग पहिलं घड्याळ सांगेल 139 कोटी आणि दुसरं सांगेल 192 कोटी. म्हणजे गळती झाली की घड्याळं आपसांत भांडतात, आणि ते भांडणच गळतीची खूण. शिवाय दोन्ही शिशांचं एकमेकांशी प्रमाण तसंच राहतं, त्यावरून 254 पुन्हा काढता येतं. 1956 साली वेदरिल या शास्त्रज्ञानं हे आलेखावर मांडलं, आणि तेव्हापासून गळका दाणा आणि शाबूत दाणा वेगळे ओळखता येतात. 2005 मध्ये मॅटिन्सन या शास्त्रज्ञानं आणखी पुढची युक्ती काढली: दाणा आधी खूप तापवायचा, मग आम्लात टाकायचा. किरणोत्सर्गानं पोखरलेला, शिसं गमावलेला भाग विरघळून जातो आणि घट्ट गाभा उरतो. वय त्या गाभ्याचं काढायचं.

तुमची दुसरी शंका, की दाणा दुसरीकडूनच आला असेल, हीसुद्धा अगदी वाजवी आहे. असं होतंही. काहिलीच्या काठाला मागच्या आधणाचा खडा चिकटून राहिला आणि नव्या पाकात त्याच्यावरच पुटं चढली, तर आतला खडा जुना आणि बाहेरचा नवा. झिरकॉन फार उष्णता सोसतो, त्यामुळे जुन्या खडकातला दाणा नव्या शिलारसात न विरघळता राहू शकतो. म्हणून मोजण्याआधी दाणा कापून, घासून त्याचं विशेष छायाचित्र काढतात. त्यात वाढीची वलयं दिसतात, लाकडाच्या ओंडक्यात दिसतात तशी. गाभा वेगळा दिसला तर गाभ्याचं आणि काठाचं वय वेगवेगळं काढतात.

हे दाणे मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहेत. चार-पाच किलो दगड फोडायचा, भुगा करायचा, आणि झारेकरी सोनाराच्या दुकानासमोरची माती धुतात तसा धुवायचा. हलकं वाहून जातं, जड खाली बसतं. चुंबकानं लोहाची खनिजं काढायची, जड द्रवात उरलेलं बुडवायचं, आणि शेवटी बारीक चिमट्यानं एकेक दाणा वेचायचा. दोन केसांच्या जाडीएवढा दाणा, फिकट मधाच्या रंगाचा, दोन्ही टोकांना निमुळता. पहिल्यांदा तो प्रकाशात चमकला तेव्हा मी बराच वेळ नजर हलवली नव्हती.

लोणारचं थोडक्यात. विवराचं वय आधी सुमारे 52 हजार वर्षं, नंतर सुमारे 5 लाख 70 हजार, हे आकडे तुम्ही बरोबर दिलेत. पण पहिला आकडा उष्णतादीप्तीचा (तापवल्यावर दगडातून निघणाऱ्या उजेडावरून काढलेला), दुसरा दगडात साठलेल्या आरगॉन वायूवरून काढलेला. युरेनियम-शिशाचा तिथे संबंधच नाही. पद्धत बदलली, चूक सापडली, आकडा सुधारला. हे लपवलं असतं तर तुमचा राग मलाही पटला असता.

किल्लारीबद्दल लिहिताना हात जड होतो. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट तुमच्या गावानं सोसली आहे. दगडाचं वय काढून भूकंप सांगता येत नाही, आणि येतं असं मी कधीही म्हणणार नाही. पण त्यानंतर किल्लारीला 617 मीटर खोल बोअर घेतला, त्यात 338 मीटर काळा दगड, मग 8 मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली लाव्हाच्या कितीतरी आधीचा स्फटिकी खडक लागला. देगलूर-बिलोलीकडे काळा दगड संपून जो ग्रॅनाइट उघडा पडतो, त्याच प्राचीन कवचाचा हा झाकलेला भाग. 1956 पर्यंत मराठवाडा आणि रायचूर एका राज्यात होते, जमिनीखाली ते अजूनही एकच आहेत. भूकंप ज्या खडकात होतो तो खडक ओळखायचा असेल, तर त्याचं वय काढावंच लागतं.

आणि तुमच्या बोअरमध्ये 90 फुटांवर लागलेला तो तांबडा पट्टा. दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरचा दगड कुजून असे थर होतात. सह्याद्रीतल्या अशाच काही तांबड्या थरांत ज्वालामुखीची राख मिसळलेली होती, तिच्यातून झिरकॉन निघाले आणि त्यांनी सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं दाखवली. तुमच्या पट्ट्यात राख असेलच असं नाही. पण बोअरवाल्यानं काढलेला तो लगदा बांधावर अजून पडलेला असेल, तर पाऊस लागायच्या आत दोन मुठी पिशवीत भरून, वर खोली लिहून ठेवा. दिवाळीनंतर औशाकडे येणार आहे, तेव्हा बघू.