अडीच गुंठे इथले, बावीस तिथले

जूनच्या पहिल्या शुक्रवारी दादाचा मेसेज आला तेव्हा मी बटाट्यांना मातीची भर देत होते. हात चिखलाचे, म्हणून फोन खिशातच राहिला. घरी येऊन पाहिलं तर हक्कसोडपत्राचा मसुदा. दापोली तालुक्यात अंजर्ल्याच्या बाजूला आमचं सामाईक आगर आहे, 22 गुंठ्यांचं, मागचं बेडं, म्हणजे कुंपणातलं दार, उघडलं की थेट समुद्राची पुळण. माड, पोफळी, मधे केळी, दोन जायफळं, पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल. एका गृहस्थांना तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत आणि ते देतायत तो आकडा चांगला आहे. मसुद्याखाली दादाने लिहिलं होतं, 'तुला तिकडे बसून काय करायचंय आगराचं? सही कर आणि मोकळी हो.'

शुक्रवारी मी कामावर नसते. इंग्लंडात शेफिल्डला येऊन मला 14 वर्षं झाली, एका कंपनीत हिशेब तपासण्याचं काम करते. एप्रिल 2024 पासून इथे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क मिळाला. मालकाने हो म्हटलंच पाहिजे असं नाही, पण दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं. मी पाचाऐवजी चार दिवस मागितले, पगारही तेवढाच कमी घेईन म्हटलं. ते मिळालं. कशासाठी हवाय हा दिवस, असं साहेबीणबाईंनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं: मला ऑफिसपेक्षा माझ्या भाजीच्या तुकड्यावर जास्त बरं वाटतं.

हेच वाक्य घरी सांगितलं तर मावशीने आधी तब्येत विचारली, मग हळूच विचारलं, पैशाची काही अडचण आहे का.

इथे अलॉटमेंट म्हणून प्रकार असतो. महापालिका गावातली जमीन तुकडे पाडून रहिवाशांना भाड्याने देते. माझ्या तुकड्याचं वर्षाचं भाडं चौघांच्या हॉटेलातल्या एका जेवणाइतकं आहे. 1908 च्या कायद्याने ही स्थानिक कारभाऱ्यांची जबाबदारी ठरली. सहा मतदारांनी मिळून लेखी मागणी केली तर तिचा विचार करणं त्यांना भाग आहे. 1922 च्या कायद्यात व्याख्या आली: कसणाऱ्याने मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी आणि फळं पिकवायची जागा. 1925 मध्ये आणखी एक कलम आलं, की यासाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात बोटींनी येणारं अन्न अडलं तेव्हा साऱ्या देशाने असे तुकडे खणले. ते अजून टिकून आहेत आणि पुष्कळ शहरांत त्यांच्यासाठी नावं लावून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मी चार वर्षं थांबले.

जुना पूर्ण तुकडा 10 पोलचा. पोल म्हणजे काय हे बघायला गेले आणि वहीवर आकडेमोड करताना थबकले. पोल म्हणजे साडेसोळा फुटांचा चौरस. आपला गुंठा 33 फुटांचा. म्हणजे बरोबर चार पोलांचा एक गुंठा, आणि माझा तुकडा नेमका अडीच गुंठे. आमचं आगर ज्या मापाने मोजलं, त्याच मापाचा हा तुकडा आहे. त्या दिवसापासून ही जागा मला परकी वाटलेली नाही.

तिथे मी काय करते? नोव्हेंबरात ब्रॉड बीन्स टोकते. आपल्या वालाचेच हे थोराड भाऊबंद, थंडीत बोटभर उगवून तसेच उभे राहतात आणि मार्चमध्ये एकदम अंग धरतात. मेच्या मध्यापर्यंत रात्री कधीही दव गोठतं, म्हणून घेवडा आणि भोपळा तोवर घरात, खिडकीत. मेथी-कोथिंबीर उन्हाळाभर येते. बटाट्याला पावसाळी हवेत करपा येतो. पहिलं काळं पान दिसलं की त्याच दिवशी सगळा पाला कापायचा, नाहीतर रोग खाली कंदात उतरतो. गेल्या साली मी असा पाला संध्याकाळी साडेनऊपर्यंत कापत होते, इथे तेव्हा उजेड असतो. पाठ मोडून आली होती. पण त्या आठवड्यात ऑफिसात मी केलेलं एकही काम आज मला आठवत नाही, आणि त्या पाल्याचा उग्र हिरवा वास अजून नाकात आहे. 38 किलो बटाटे वाचले. बाजारात त्यांची किंमत फार नाही, माझ्या दिवसाच्या पगारात ते सहज आले असते. तरीही मला तो शुक्रवारच हवा.

याला लोक कामाचा कंटाळा म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. माझ्या आठवड्यातलं सर्वांत कष्टाचं काम मी शुक्रवारी करते.

आपल्याकडे या दोन-तीन वर्षांत किती तास काम करावं यावर वाद झडतोय. नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं 90 तासांचं आणि रविवारचं बोलणं गाजलं. ब्रिटनमध्ये याच सुमारास, 2022 च्या जून ते डिसेंबरात, 61 कंपन्यांनी पगार न कापता चार दिवसांचा आठवडा करून पाहिला आणि बहुतेकांनी तो पुढे चालू ठेवला. इथलं सगळं थोर आणि आपलं सगळं वाईट असं मला म्हणायचं नाही. इथेही दोन-दोन नोकऱ्या करून भाडं भरणारी माणसं माझ्याच गल्लीत राहतात, त्यांना शुक्रवार कोण देणार? पण दादाचा हिशेब मी करून पाहिला. डोंबिवलीहून सकाळी साडेसातची गाडी, नऊ तास ऑफिस, येऊन-जाऊन तीन तास, आठवड्याचे सहा दिवस. 72 तास. मूर्तींचे 70 तो कधीच ओलांडून बसलाय. अशा माणसाने आगराकडे डोकं दुखवणारी आणखी एक गोष्ट म्हणून पाहिलं तर त्याला दोष कसा देऊ?

आणि त्याचं म्हणणं पोकळ नाही. काका 68 वर्षांचे आहेत. नारळ काढायला पाडेली मिळत नाही, मिळाला तर त्याच्या सवडीने येतो. माकडं कोवळी शहाळी तोडून खाली टाकतात. शिंपणं वेळेवर झालं नाही तर पोफळ लगेच रुसते. त्यात 3 जून 2020 चं निसर्ग वादळ. संध्याकाळी फोन लागला नाही, दुसऱ्या दिवशी लागला नाही, आठव्या दिवशी लागला तेव्हा काका फक्त आकडे बोलले. 'एकशे चाळीस पोफळी होत्या. अठ्ठावीस उभ्या आहेत.' सरकारने बागायतीला हेक्टरी 50 हजार जाहीर केले, त्या हिशेबाने 22 गुंठ्यांचे 11 हजार. नंतर झाडामागे भरपाई देण्याचाही निर्णय झाला. पण आगरात एका माडाच्या सावलीत चार पिकं उभी असतात आणि पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, ते कुठल्या रकान्यात लिहिणार? लहानपणी मे महिन्यात मला विरीवर, पोफळीच्या झावळीच्या रुंद देठावर, बसवून ओढत नेणाऱ्या दादाला त्या वर्षी गणपतीतही आगरात पाऊल टाकवलं नाही.

म्हणून हे लिहिताना मला दादाशी भांडायचं नाही. ज्या पायावर आपण हा सगळा वाद उभा केलाय त्याबद्दल बोलायचं आहे. कोकणातल्या जमिनीबद्दल आपण दोनच गोष्टी विचारतो: ती परवडते का, आणि विकली तर काय येईल. पहिल्याचं उत्तर नाही आलं की दुसऱ्यावर उडी. पण आमचं आगर एकट्याने कधी घर चालवत होतं? आजोबा लालबागला गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर कायमचे गावी आले, तोवर घर चाललं ते मनीऑर्डरीवर. आगराने दिलं ते वेगळं: घरचा नारळ, सुपारीच्या पैशांत आमच्या शाळेच्या फिया, आणि गिरणी बंद पडल्यावर आजोबांना परत यायला जागा. कोकणातल्या किती घरांचं असंच होतं! पगार मुंबईचा, जमीन गावची, आणि दोन्ही मिळून एक संसार. आज आपण त्यातल्या एका पायाला म्हणतोय की तू एकट्याने उभा राहा, नाहीतर विकतो.

शेजारच्या तुकड्यावरच्या आजोबांनी इथल्या पोलाद कारखान्यात 31 वर्षं काढली. पाळी संपली की ते घरी न जाता आधी इथे यायचे. कारखाना बंद झाला, तुकडा राहिला. त्यांचं ऐकताना मला लालबाग आठवतं.

एक गोष्ट मात्र मी स्वतःशी नीट बोलले आहे. मला तुकडा आवडतो कारण चार दिवसांचा पगार पाठीशी आहे. आजीला असं निवडता आलं नव्हतं. रहाटाला रेडा जुंपायचा, पाट वळवायचे, शेण-पाचोळा आळ्यांत घालायचा, सुपाऱ्या सोलायच्या, आणि वर घरचं सगळं. तिला आगर आवडतं का हे कोणी विचारलं नाही. सातबारावर तिचं नाव तर नव्हतंच. ही जमीन आमची झाली तीच मुळी कसणाऱ्यांच्या लढ्यामुळे. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सहा वर्षं जमिनी कसायचं नाकारलं. बाबासाहेबांनी 1937 मध्ये खोतीविरुद्ध, म्हणजे कोकणातल्या जमीनदारीविरुद्ध, विधेयक मांडलं. खोती 1949 च्या कायद्याने गेली, आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कूळ असलेले आमचे पणजोबा जमिनीचे मालक झाले. कसेल त्याची जमीन. मग कसणाऱ्या आजीची का नाही? आत्याने 1997 मध्ये हक्क सोडला, माहेर तुटू नये म्हणून. मुलींना वारसाहक्क 1956 च्या कायद्यानेच मिळाला होता, तरी. माझ्यापुढे आज तोच कागद आहे.

वडिलांच्या 11 गुंठ्यांत आई, दादा आणि मी. माझ्या वाट्याला साडेतीन गुंठ्यांहून थोडं जास्त येतं. आपल्याकडे बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र 2023 मध्ये 10 गुंठे ठरवलं, त्याहून लहान तुकडा वेगळा पाडता येत नाही. हेतू चांगला होता, इतक्या जमिनीत कुटुंबाचं पोट भरत नाही. पण इंग्लंडच्या 1922 च्या कायद्यात अलॉटमेंटची वरची मर्यादा 40 पोल आहे, म्हणजे तेच 10 गुंठे. आपण जिथे म्हणतो, याच्या खाली जमीन कामाची नाही, तिथे इथला कायदा म्हणतो, याच्या वर घरच्या भाजीला लागत नाही. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. दापोली, खेड, चिपळूण, रत्नागिरी, सगळीकडे फ्लॅट उभे राहतायत. त्यांत राहणाऱ्या शिक्षिकेला, एसटीच्या चालकाला, ज्यांच्या घराण्याला कधी सातबारा मिळालाच नाही अशांना नगरपालिकेने अडीच गुंठे भाड्याने का देऊ नयेत? गुरचरणी, पडीक सरकारी जागा आहेत. पाणी आणि कुंपण एवढंच लागेल. सहा जणांनी अर्ज करायची सोय तरी करा. माकडांचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल हे मान्य, पण तो आजही करावाच लागतोय.

घरच्या बाबतीत मी सही करणार नाही. दादाला तसं सविस्तर लिहिलं. पैशाची त्याला गरज आहे, मुलीचं इंजिनीअरिंग सुरू होतंय. तिच्या फीतला काही भार मी उचलते, तो माझ्या वाट्याशी जोडू नकोस, असं म्हटलं. शिंपणाच्या माणसाची मजुरी आणि पंपाचं बिल या वर्षापासून मी देणार. वादळानंतर काकांनी लावलेल्या पोफळींतल्या काहींना यंदा पहिली पोय, म्हणजे फुलोरा, सुटली आहे, काकूने फोटो पाठवला. अजून तीस रोपं पिशव्यांतून तयार आहेत.

यंदा मी गणपतीऐवजी आषाढात येतेय, तीन आठवडे, लावणीच्या पावसात. काकांना फोन केला तर म्हणाले, खड्डे मी मारून ठेवतो, रोपं तू लाव. दादालाही चार दिवसांची रजा काढायला कळवलंय. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.