सर देवमाणूस असतील, तरी नियम हवेत

परवा आमच्या जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक बातमी येऊन पडली. शेजारच्या जिल्ह्यातला प्रशिक्षक, अकरावीतली खेळाडू, पोक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याखाली) गुन्हा. बातमीत मुलीचं नाव नव्हतं. पण तासाभरात ग्रुपवरच्या मंडळींनी ती कुठल्या गावची, वडील काय करतात, इथपर्यंत शोध लावला. आणि मग ठरलेलं सगळं सुरू झालं. ‘सर तसे नाहीत, देवमाणूस आहे.’ ‘पोरगी काही कुक्कुलं बाळ नव्हती.’ ‘दोघांच्या मर्जीनं चाललं होतं म्हणे.’

मी खो-खो खेळले, आता शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. अर्धं आयुष्य मैदानावर गेलंय. त्यामुळे या ‘मर्जी’बद्दल जरा सविस्तर बोलते. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

कायद्याचं उत्तर सोपं आहे. अठराच्या आतल्या मुलाची किंवा मुलीची संमती पोक्सोत धरलीच जात नाही. उलट गुन्हा करणारा शिक्षक किंवा प्रशिक्षक असेल, म्हणजे ज्याच्यावर त्या मुलाचा विश्वास आहे किंवा ज्याचा त्याच्यावर अधिकार चालतो असा कुणी, तर कायदा तो गुन्हा जास्त गंभीर मानतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यातल्या सर्वांत गंभीर प्रकाराला किमान 20 वर्षांची शिक्षा आहे. विषय संपला. पण ग्रुपवरच्या लोकांना कायदा माहीत नाही असं थोडंच आहे? त्यांना तो पटत नाही. म्हणून मैदानावरचं सांगते.

गावाकडच्या मुलीच्या लेखी खेळ म्हणजे नुसतं पदक नसतं. तो घराबाहेर पडायचा परवाना असतो. पहाटे साडेपाचला एकटीनं मैदानावर जायचं, ट्रॅक पँट घालायची, एसटीनं दुसऱ्या जिल्ह्यात मुक्कामाला जायचं, हे सगळं फक्त ‘सर आहेत ना बरोबर’ या एका वाक्यावर चालतं. तालुक्याच्या संघात कोण आणि राखीव कोण, हे सर ठरवतात. प्रवेशिका सर भरतात. प्रमाणपत्र सरांच्या हातून येतं. त्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीचं 5 टक्के आरक्षण असतं, पोलीस भरतीचं स्वप्न असतं. आता या मुलीनं घरी येऊन सांगितलं की सर मला कसलेतरी मेसेज करतात, तर घरात पहिली गोष्ट काय होईल? सरांना जाब विचारला जाईल? नाही. तिचं मैदान बंद होईल. वर्षभरात स्थळं बघायला सुरुवात होईल. हे त्या मुलीला माहीत असतं आणि त्या माणसालाही पक्कं माहीत असतं. ती गप्प बसते त्याला आपण मर्जी म्हणतो.

सुरुवात कधीच भयंकर दिसत नाही. एकीलाच नवे बूट. ‘बाकीच्यांना सांगू नकोस, त्या जळतील.’ सरावानंतर तिलाच दहा मिनिटं थांबवून घ्यायचं. रात्री अकराला मेसेज, ‘झोपलीस का? उद्याच्या मॅचचं टेन्शन घेऊ नकोस.’ मग तिच्या वजनावर बोलणं, डाएटवर बोलणं, पाळीची तारीख विचारणं, तीही सरावाच्या नावाखाली. मग घरच्यांविषयी, ‘तुझ्या आईबाबांना तुझा खेळ कळत नाही, मला कळतो.’ यातल्या प्रत्येक पायरीवर आजूबाजूला माणसं असतात. सहशिक्षक, इतर मुली, शिपाई, कधी पालकसुद्धा. सगळे बघतात आणि सगळ्यांना वाटतं, सर फार जीव लावतात.

एक प्रसंग सांगते. विभागीय स्पर्धा होती, मुक्काम एका शाळेत. बाकं भिंतीला सरकवून वर्गात सतरंज्या घातलेल्या. दुपारच्या सामन्यात दुसऱ्या एका संघातल्या मुलीच्या पोटरीत गोळा आला. संध्याकाळी मी पाणी भरायला चालले होते, तर त्या संघाचे सर वर्गात तिचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसलेले. बाकीच्या मुली बाहेर. गोळा येऊन तीन तास झाले होते. मी आत गेले, म्हटलं, ‘सर, द्या इकडे, मी बघते.’ ते हसत उठले, ‘या ना मॅडम.’ मुलीनं मान वर केली नाही. नंतर मी आयोजकांपैकी एकाला सांगितलं, तर म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही फार बघता.’

आता हे नीट वाचा. त्या सरांनी काही वावगं केलं असं मी म्हणत नाहीये. माझ्याकडे पुरावा नाही. कदाचित खरंच भला माणूस असेल. पण भला आहे की नाही हे मी त्या दारात उभं राहून, चेहरा बघून ठरवायचं, ही काय पद्धत झाली? मुलींच्या खोलीत पुरुष प्रशिक्षकानं एकट्यानं जायचं नाही, असा साधा नियम असता तर मला अंदाज करावा लागला नसता आणि त्यांनाही कुणाच्या नजरेला तोंड द्यावं लागलं नसतं. चारित्र्याचे दाखले वाटायचं काम आपण सोडून देऊ या. ते आपल्याला जमत नाही, जगात कुणालाच जमलेलं नाही.

लॅरी नासर अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर होता. ऑलिंपिकच्या मुली त्याच्या हाताखालून गेल्या. कित्येकदा आई खोलीत बसलेली असताना, उपचाराच्या नावाखाली, तिला दिसणार नाही अशा बेतानं त्यानं मुलींवर अत्याचार केले. तक्रारी आधीही झाल्या होत्या, पण तोही देवमाणूसच होता. 2016 मध्ये वर्तमानपत्रानं प्रकरण बाहेर काढलं आणि 2018 मध्ये दीडशेहून जास्त जणींनी भर कोर्टात उभं राहून सांगितलं. दक्षिण कोरियाची स्केटर शिम सुक-ही ऑलिंपिक सुवर्णपदक विजेती. तिनं प्रशिक्षकाविरुद्ध तोंड उघडलं ते 2019 मध्ये. अत्याचार सुरू झाले तेव्हा ती शाळकरी होती. त्याला साडेदहा वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती वाढून 13 झाली. ऑलिंपिक जिंकणाऱ्या मुलीला इतका वेळ लागतो, मग आमच्या तालुक्याच्या संघातली राखीव खेळाडू कधी बोलणार?

आणि आपल्याकडे बोललं की काय होतं ते रुचिका गिरहोत्राच्या बाबतीत दिसलं. पंचकुला, ऑगस्ट 1990. चौदा वर्षांची टेनिस खेळणारी मुलगी. हरियाणा लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष एस. पी. एस. राठोड हा पोलीस महानिरीक्षक. खास प्रशिक्षणाची सोय करतो, असं घरी येऊन सांगून त्यानं तिला ऑफिसात बोलावलं आणि विनयभंग केला. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं तक्रार केली. पुढे काय? फी थकल्याचं कारण देऊन शाळेनं तिचं नाव काढलं. भावावर गाड्या चोरल्याच्या केसेस पडल्या. 1993 च्या डिसेंबरात रुचिकानं विष घेतलं. राठोड बढत्या घेत राज्याचा पोलीस महासंचालक झाला. निकाल 2009 मध्ये, सहा महिने कैद आणि 1000 रुपये दंड. वरच्या कोर्टानं शिक्षा दीड वर्ष केली, सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये दोष कायम ठेवून, भोगली तेवढी पुरे म्हटलं. शाळेनं त्या मुलीचं नाव काढलं ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. कारण ती करायला महानिरीक्षक असावं लागत नाही, आपल्यासारखी साधी माणसं करतात.

मुलग्यांचं कुणी बोलतच नाही. इंग्लंडमध्ये बॅरी बेनेल नावाच्या फुटबॉल प्रशिक्षकानं वर्षानुवर्षं लहान मुलांवर अत्याचार केले. अँडी वुडवर्ड हा माजी खेळाडू 2016 मध्ये जाहीरपणे बोलला, तेव्हा इतर खेळाडू पुढे आले. पोक्सो मुलग्यांनाही लागू आहे. तालीम, क्रिकेट अॅकॅडमी, जलतरण तलाव, कुठेही. ‘मुलगाय, त्याला काय होतंय’ म्हणणाऱ्या बापांनी जरा विचार करावा.

एक फाटा फोडते, कारण कमेंटमध्ये हे येणारच. संमतीचं वय सोळा करावं की नाही, यावर चर्चा चालू आहे. 2023 मध्ये विधी आयोगानं अठराच ठेवा म्हटलं. सतरा वर्षांची दोन पोरं एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि जातीवरून भडकलेला बाप पोक्सो लावतो, अशा केसेस होतात आणि त्यावर बोलायलाच हवं. पण त्या पोरांच्या पाठीमागे लपून चाळिशीतल्या सरांना बाहेर काढू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये संमतीचं वय सोळाच आहे. तरी 2022 पासून तिथे प्रशिक्षकाला आपल्या हाताखालच्या अठराच्या आतल्या खेळाडूशी असे संबंध ठेवणं गुन्हा केलंय. निवड ज्याच्या हाती, त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, एवढं त्यांना कळलं.

मुख्याध्यापकांसाठी एक गोष्ट. ‘शाळेची बदनामी नको, आपापसात मिटवू’ हे तुम्हाला मोठेपणाचं वाटतं, पण माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच पोक्सोत गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा असा प्रकार दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी-सावित्री समितीचा शासन निर्णय 2022 चा, बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचारानंतर 2024 मध्ये त्याची पुन्हा आठवण झाली. बोर्ड लागले, तक्रारपेट्या लागल्या. कित्येक पेट्यांची किल्ली कुणाकडे असते, विचारून बघा. आणि शाळेबाहेरच्या अॅकॅडम्या, मंडळं, तालमी? तिथे पेटीसुद्धा नाही.

मला हवंय ते फार साधं आहे. अठराच्या आतल्या खेळाडूला प्रशिक्षकानं खासगी मेसेज करायचा नाही. करायचाच तर त्यात पालक किंवा दुसरे शिक्षक असावेत. अमेरिकेत नासरनंतर खेळासाठी असाच नियम आला. एकटीला गाडीवरून सोडायचं नाही, घरी बोलवायचं नाही. मुलींच्या संघाबरोबर मुक्कामाला बाई नसेल तर संघ जाणार नाही. खेळात अंगाला हात लागतो, मल्लखांबात, कुस्तीत लागणारच. तो का लावतोय ते आधी सांगायचं, सगळ्यांसमोर लावायचा, आणि पोरीनं ‘नको’ म्हटलं की थांबायचं. अर्थात नासर आईसमोरच करत होता, म्हणून नुसतं ‘सगळ्यांसमोर’ पुरत नाही. कुठला उपचार कशासाठी आणि कुठवर, हे मुलांना कुणीतरी नीट शिकवायला लागेल. ते काम शाळेचं आहे आणि आम्ही ते करत नाही.

तालुक्याच्या क्रीडाशिक्षकांच्या सभेत मी हे मांडलं. दोघातिघांनी पाठिंबा दिला. एक जण म्हणाले, असं केलं तर चांगले प्रशिक्षक काम सोडतील. खासगी मेसेज करता येत नाही म्हणून जो सोडेल, त्याला आधी सोडू द्या. दुसरे म्हणाले, मग सरावाची वेळ बदलली तर मुलांना कळवायचं कसं? आईच्या फोनवर कळवा. आम्ही खेळायचो तेव्हा आमच्या बाई आदल्या दिवशी फळ्यावर लिहायच्या, आणि तरी साडेपाचला सगळ्या जणी हजर असायच्या.