‘चहा उकळणं हा अडाणीपणा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जाणकार’ यांस,

“चहा उकळणं हा निव्वळ अडाणीपणा. दूध घातल्यावर कसले आलेत आरोग्याचे फायदे? लिहिण्याआधी थोडा अभ्यास करत चला.” माझ्या चहावरच्या लेखाखालची आपली ही प्रतिक्रिया वाचली. पुढे जेवणावरचा चहा, साखर आणि ग्रीन टी यांवरही आपण उपदेश केला आहे.

मतभेदाला माझी कधीच ना नसते. पण अडाणी कोण? मला म्हणा, एक वेळ चालेल. रोज सकाळी घरादारासाठी आधण ठेवणाऱ्या आयाबायाही अडाणीच का? हे असं लिहिताना काहीच वाटलं नाही आपल्याला?

आता उकळण्याचं. गॅस बंद करा, पत्ती घाला, झाकण ठेवा, तीन-चार मिनिटांनी गाळा, हे आपलं म्हणणं दार्जिलिंगच्या अख्ख्या पानाला लागू आहे. मी दार्जिलिंगवर लिहिलं होतं का? माझा लेख सीटीसीवर होता, म्हणजे वाण्याकडे मिळते ती दाणेदार पावडर. 1930 च्या दशकात आसामात सुरू झालेल्या या पद्धतीत पान दातेरी रुळांतून चिरडतात, फाडतात आणि त्याचे दाणे वळतात. म्हणून रंग आणि कडकपणा भराभर उतरतो. असा चहा दुधाला पुरून उरतो, आणि दुधातलं केसिन नावाचं प्रथिन त्याचा तुरटपणा कमी करतं. तुमचं दार्जिलिंग घाला की दुधात, मग बघा काय उरतं ते.

माझे वडील एसटी स्टँडसमोर चहाचं हॉटेल चालवायचे. शाळा सुटली की माझा मुक्काम स्टोपाशी. ठेचलेलं आलं आधी पाण्यात चांगलं उकळू द्यायचं. घाईत कच्चं आलं दुधात पडलं की पातेलंभर दूध नासतं. हे मला बाबांच्या टपलीने शिकवलं. मग पावडर, मग दूध, आणि उकळी काठाशी आली की पातेलं उचलायचं. गाळलेला चोथा परत आधणात टाकलेला त्यांना खपत नसे. तासभर रटरटणाऱ्या काढ्याची वकिली मी कुठे केली आहे, तेवढी ओळ दाखवा.

दुधाने गुण मारले जातात म्हणून बर्लिनचा जो 2007 चा अभ्यास सगळे नाचवतात, त्यात 16 बायका होत्या. सोळा! दुधामुळे रक्तातल्या कॅटेचिनवर, म्हणजे चहातून येणाऱ्या गुणकारी मानल्या जाणाऱ्या घटकांवर, फरक पडत नाही असं सांगणारे अभ्यासही आहेत. ते आपल्या अभ्यासात आले नसावेत.

एक गोष्ट मात्र मान्य. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2024 च्या आहार मार्गदर्शिकेतही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळायला सांगितलं आहे. लेखात तशी ओळ घालतो. हेच नीट शब्दांत सांगितलं असतंत तर आभारही मानले असते.

साखर ज्याने त्याने आपापली बघावी. ग्रीन टी आपण खुशाल प्या.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने द्या, जशीच्या तशी छापीन. टोपणनावाने आली तर उडवणार, आत्ताच सांगून ठेवतो.