कुकरमधल्या डाळीत खरंच १३ टक्केच सत्त्व उरतं?

लातूरच्या मावशीने दोन वर्षांपूर्वी कुकर माळ्यावर टाकला. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता, तुमच्याही फोनवर तो कधीतरी येऊन गेला असेल. मातीच्या हंडीत शिजवलेल्या डाळीत १०० टक्के पोषक तत्त्वं राहतात, काशाच्या भांड्यात ९७, पितळेच्या भांड्यात ९३ आणि प्रेशर कुकरमध्ये फक्त १३. पुढे असंही, की कुकरमध्ये डाळ शिजत नाही, नुसती फुटते. शिजताना वारा आणि सूर्यप्रकाश लागला नाही तर अन्नाचं विष होतं. कुकरचं अॅल्युमिनियम हळूहळू पोटात जातं. आणि शेवटी, आपल्या आज्या चुलीवर रांधायच्या म्हणून ठणठणीत होत्या.

मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले, तर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, गुडघे धरलेले असताना, ती सव्वा तास शेगडीपाशी उभी होती. बोअरचं पाणी जड, त्यामुळे डाळ काही केल्या मऊ होईना. शेवटी तिने चिमूटभर खायचा सोडा टाकला. तेव्हापासून मला राहवत नाहीये, म्हणून त्या मेसेजमधलं एकेक वाक्य घेते.

आधी तो १३चा आकडा. पोषक तत्त्वं ही काही एकच वस्तू नाही, की तिची सरसकट टक्केवारी काढावी. १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. मेसेज खरा धरला तर शिजल्यावर त्यातली जेमतेम ३ ग्रॅम उरायला हवीत. मग बाकीची गेली कुठे? झाकण घट्ट बसलेलं असतं आणि शिट्टीतून येते ती पाण्याची वाफ. लोह, कॅल्शियम ही तर मूलद्रव्यं आहेत, स्वयंपाकघरातल्या कुठल्याच आचेने ती नाहीशी होत नाहीत. आचेने खरोखर कमी होतं ते क जीवनसत्त्व आणि ब गटातली काही, म्हणजे थायमिन, फोलेट वगैरे. पैकी क जीवनसत्त्व वाळलेल्या डाळीत नावालाच असतं. ब गटातली जीवनसत्त्वं कुकरमध्ये थोडी घटतात, तशी हंडीतही घटतात. हंडीत आच कमी लागते, पण वेळ किती जातो ते बघा. शिवाय सोड्याने थायमिनचा फार लवकर नाश होतो. म्हणजे सत्त्व वाचावं म्हणून मावशीने कुकर सोडला आणि डाळ शिजेना म्हणून जे टाकलं, त्याने ते जास्तच गेलं. हे बघून मला फार वाईट वाटलं.

‘शिजत नाही, फुटते’ हे वाक्य ऐकायला पटतं, म्हणून त्यावर जरा थांबते. डाळ शिजते म्हणजे काय होतं? तिच्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन सुटतं. याला लागते उष्णता, पाणी आणि वेळ. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं, मग खाली आच कितीही मोठी करा, ते त्याच्या वर जात नाही. लेहला, साडेतीन हजार मीटर उंचीवर, ते ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, म्हणून तिथे उघड्यावर डाळ शिजवणं जिकिरीचं. कुकरमध्ये कोंडलेल्या वाफेचा दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या जवळ पोचतं. डाळीत घडतं तेच, फक्त भराभर. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर डाळ हटवादीपणा करते. तिथे तर कुकरची गरज जास्तच.

कडधान्यांत प्रथिनांचं पचन अडवणारी काही द्रव्यं असतात, नीट शिजवल्यावरच ती निष्प्रभ होतात. राजम्यातलं लेक्टिन तर विषारीच, अर्धवट शिजलेला राजमा खाऊन उलट्या-जुलाब होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत डाळींचा पोषक दर्जा वाढवायला उकडणं किंवा प्रेशर कुकरमध्ये शिजवणं उत्तम म्हटलं आहे. मातीच्या भांड्यांनाही त्याच पुस्तिकेत चांगलं म्हटलं आहे. हंडीत डाळ चविष्ट होते, वेळ असेल त्याने जरूर करावी. माझा राग हंडीवर नाही.

वारा आणि सूर्यप्रकाश. रायगडातली पोपटी आठवा. वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्डीच्या पाल्याने तोंड गच्च बंद करायचं आणि भोवती जाळ करायचा, तोही थंडीतल्या रात्री. उकडीचे मोदक झाकणाखालीच वाफवतात. हंडीवरही झाकण असतंच. याला कोणी विष म्हणेल?

अॅल्युमिनियमच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. चिंच, टोमॅटो, ताक असे आंबट पदार्थ त्या धातूच्या भांड्यात शिजवले किंवा भरून ठेवले तर तो थोडाफार अन्नात उतरतो. पण आपण कुकर ‘लावतो’ कसा ते पाहा. तळाला पाणी, त्यावर स्टीलचा डाळीचा डबा, त्यावर भाताचा, जागा असेल तर वर दोन बटाटे. डाळ कुकरच्या भिंतीला शिवतसुद्धा नाही. नंतर ती पातेल्यात घोटून फोडणी आणि चिंचगूळ पडतो, तेव्हा कुकर ओट्यावर बाजूला असतो. एवढं करूनही शंका उरलीच तर स्टीलचा कुकर मिळतो. आणि ज्या पितळेला मेसेजने ९३ गुण दिलेत, त्यात कल्हईशिवाय आंबट पदार्थ कळकतो हे आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं. मेसेजमध्ये कल्हईचा शब्दही नाही.

आज्यांचं म्हणाल, तर माझी आजी फुंकणीने चूल फुंकताना मला स्पष्ट आठवते. डोळे कायम लाल आणि पहाटेचा तो खोकला. ओल्या लाकडाचा धूर आला की पदर तोंडावर घेऊन ती तशीच भाकरी थापत राहायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरातल्या जळणाच्या धुराने २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. आजी काटक होती, पण ती चुलीमुळे नव्हे. ठणठणीत तर ती नव्हतीच, तिला कोणी विचारलंच नाही.

कुकरची भीती बाळगायचीच तर खऱ्या गोष्टींची बाळगा. डाळ थेट कुकरमध्ये शिजवणार असाल तर निम्म्याच्या वर भरू नका, फेस येऊन वाफेची वाट बुजते. शिट्टीखालची नळी दर वेळी उजेडात धरून आरपार दिसते का बघा. दाब उतरल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रिंग त्याच कंपनीची घ्या. २०२१ पासून घरगुती कुकरवर आयएसआयची खूण सक्तीची आहे, ती पाहूनच कुकर घ्या.

मावशीचा कुकर आम्ही दोघींनी मिळून माळ्यावरून काढला. रिंग दगडासारखी कडक झाली होती. बाजारात जाऊन नवी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आणला, तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकून कुकर लावला आणि डाळ शिजेपर्यंत मावशी खुर्चीत बसून लसूण सोलत होती.