वर्तुळ कोणी सांभाळायचं?

विक्का म्हणजे निसर्गपूजा आणि जादू मानणारा एक पाश्चात्त्य धर्म. आपल्याकडे हा शब्द ओळखीचा झाला तो बराचसा इन्स्टाग्राममुळे. पुण्या-मुंबईतली स्फटिकांची दुकानं, टॅरोचे क्लास, पौर्णिमेच्या रात्री गच्चीवर ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या. ज्यांना त्यातून उभारी मिळते त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ही माणसं एकत्र कशी राहतात, कशावरून भांडतात, त्यांच्यातलं कोणी गेलं की काय करतात, हे मराठीत कोणी लिहितच नाही. मी विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ राहते. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणींपैकी दोघी विक्कन आहेत आणि त्यांच्या मंडळींचं जगणं मी बरीच वर्षं जवळून बघतेय. माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या समाजाला पोप नको, मठ नको, एकच एक ग्रंथ नको, त्याला लेखी नियम, हिशेब ठेवणारा खजिनदार आणि तक्रार ऐकून घेणारी समिती इतरांपेक्षा जास्त लागते. माझ्या मैत्रिणींना हे फारसं पटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी स्वतः श्रद्धाळू नाही. आमच्या घरात अंनिसचं वातावरण. चमत्कारांमागचं विज्ञान दाखवणारी शिबिरं बघत मी मोठी झाले. त्यामुळे मंत्रानं काही घडतं असं मी मानत नाही, आणि मैत्रिणींना ते माहीत आहे. तरी साउइनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या सुमारास, त्यांच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या विधीला मी जाते. माणसं गोल उभी राहतात, चार दिशांना हाक घालतात, मीठ आणि पाणी फिरवलं जातं, आणि मग ज्यांची माणसं त्या वर्षी गेली ते एकेक जण नाव घेतात. कोणी आईचं, कोणी कुत्र्याचं. मग घरून आणलेली भांडी उघडतात. सूप, पाव, अ‍ॅपल पाय, माझी साबुदाण्याची खिचडी. शेवटी खुर्च्या घड्या घालायला दर वेळी तीच चार माणसं उरतात. त्या चौघांतली एक सत्तरी ओलांडलेली आहे आणि तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

विक्का प्राचीन आहे हा समज मात्र सोडायला हवा. जेराल्ड गार्डनर हा मलायात कस्टम्सची नोकरी करून निवृत्त झालेला इंग्रज. ब्रिटनमधला १७३५ चा विचक्राफ्ट कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यानं पुस्तक काढून जाहीर केलं, की ही जुनी विद्या अजून जिवंत आहे आणि मी तिच्यातला आहे. ‘सनातन परंपरा’ म्हणून त्यानं जे मांडलं त्यातलं बरंचसं विसाव्या शतकात जुळवलेलं होतं. रोनाल्ड हटन या इतिहासकारानं १९९९ मध्ये ते पुराव्यानिशी दाखवलं. नव्वद लाख चेटकिणी जाळल्या गेल्या हा आकडाही असाच हवेतला. युरोपातल्या खटल्यांत मारली गेलेली माणसं ४० ते ६० हजार असावीत असं आज इतिहासकार मानतात, आणि तेवढी काय कमी आहेत? मला कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. काही चिडले, पण कितीतरी विक्कनांनी हटनचं म्हणणं मान्य केलं. आमचा धर्म नवा आहे, आमच्या आजोबांच्या पिढीनं घडवलेला आहे, तरी तो आमचा आहे, असं ते सरळ सांगतात. स्वतःच्या उगमाविषयी इतकं स्वच्छ बोलणं किती धर्मांना जमतं?

नियमांचं भांडण या धर्मात अगदी पहिल्यापासून आहे. डोरीन व्हॅलिएन्टे १९५३ मध्ये गार्डनरच्या कव्हनमध्ये, म्हणजे विक्कनांच्या छोट्या गटात, आली. विधींचे मजकूर तिनं नव्यानं लिहिले. आज विक्कन जे म्हणतात त्यातलं सगळ्यात सुंदर बहुतेक तिच्याच हातचं आहे. गार्डनरला वर्तमानपत्रवाल्यांचा फार सोस आणि त्यापायी बाकीच्यांची नावं उघडी पडायची भीती. म्हणून १९५७ मध्ये व्हॅलिएन्टेनं आणि काही जणांनी गुप्तता पाळण्याचे नियम लिहून त्याच्यापुढे ठेवले. यावर गार्डनर म्हणाला, नियमांची गरजच काय, आपले प्राचीन कायदे आहेतच. आणि त्यानं ते काढून दाखवले. त्यात एक कलम असं होतं, की पुरोहितेनं वय झालं की तरुण स्त्रीसाठी आपली जागा खुशीनं सोडावी. व्हॅलिएन्टेला ते कायदे आधी कधी दिसले नव्हते. हे आत्ताच रचलेत हे तिनं ओळखलं आणि ती बाहेर पडली. मैत्रिणींशी वाद झाला की मी हाच प्रसंग काढते. लेखी नियम नसले की सत्ता नाहीशी होत नाही, ती ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जाते आणि तो ‘पूर्वापार असंच आहे’ म्हणतो. हे वाक्य आपण महाराष्ट्रात किती वेळा ऐकलंय!

संघटित झाल्यावर काय होतं याचं उदाहरण आमच्याच भागात आहे. मॅडिसनच्या पश्चिमेला बार्नव्हेल्ड नावाचं लहान गाव आहे, त्याच्याजवळ सर्कल सँक्च्युअरी. सेलेना फॉक्स यांनी १९७४ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेची तिथे सुमारे २०० एकर जमीन आहे. ओकची झाडं, उंच गवत, टेकड्या. तिथेच त्यांची दफनभूमी. रसायनं भरलेला देह नाही, काँक्रीटची पेटी नाही. कापडात किंवा मातीत विरून जाणाऱ्या पेटीत माणूस पुरतात, किंवा रक्षा ठेवतात.

याच संस्थेनं सैनिकांच्या थडग्यांवरच्या चिन्हासाठी लढा दिला. पॅट्रिक स्टुअर्ट हा नेवाडा नॅशनल गार्डमधला सार्जंट. सप्टेंबर २००५ मध्ये अफगाणिस्तानात त्याचं चिनूक हेलिकॉप्टर पाडलं गेलं आणि त्यात तो मारला गेला. त्याच्या गळ्यातल्या ओळखपट्टीवर धर्म विक्कन लिहिला होता. म्हणजे जिवंतपणी सैन्याला तो मान्य. पण माजी सैनिकांच्या खात्याकडे थडग्यावर कोरायच्या चिन्हांची जी यादी होती, त्यात ३८ चिन्हं होती, निरीश्वरवाद्यांचंसुद्धा होतं, पण विक्कनांचं चिन्ह, वर्तुळातला पाच टोकांचा तारा, नव्हता. नेवाडातल्या फर्नलीच्या स्मारकाच्या भिंतीवर बाकी सैनिकांच्या पाट्या लागल्या आणि पॅट्रिकची जागा कोरी राहिली, कारण त्याच्या पत्नीनं, रोबर्टानं, चिन्हाशिवाय पाटी घ्यायला नकार दिला.

विक्कन लोकांचे अर्ज १९९७ पासून खात्यात पडून होते. दर वेळी नवं कारण, नवा फॉर्म. जॉर्ज बुश गव्हर्नर असताना, १९९९ मध्ये, टीव्हीवर म्हणाले होते की जादूटोण्याला मी धर्म मानत नाही. नेवाडा राज्यानं स्वतःच्या अधिकारात डिसेंबर २००६ मध्ये पॅट्रिकची पाटी लावली. केंद्राच्या खात्यावर खटला गुदरला तेव्हा कुठे एप्रिल २००७ मध्ये तडजोड झाली आणि तो तारा यादीत आला. जवळजवळ दहा वर्षं! एकट्यादुकट्या साधकाच्या हातून हे झालं असतं का? पत्ता असलेली संस्था होती, वकिलांशी बोलणारं माणूस होतं, अर्जांच्या प्रती जपून ठेवणारं कोणीतरी होतं, म्हणून झालं. त्या प्रती कोणी फाइल केल्या त्याचं नावसुद्धा कोणाला माहीत नसेल. मला ते माणूस फार मोठं वाटतं.

इंडियानामध्ये तर घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याला न्यायाधीशानं हुकूम दिला, की मुलाला ‘मुख्य प्रवाहात नसलेल्या’ श्रद्धांपासून दूर ठेवा. आई आणि वडील दोघंही विक्कन. दोघांपैकी कोणाचीच तक्रार नव्हती! ऑगस्ट २००५ मध्ये वरच्या कोर्टानं तो हुकूम काढून टाकला.

बाहेरच्यांशी लढणं तरी सोपं. आतल्याशी लढताना हा समाज अडखळतो, आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्याचा होतो. मार्च २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला एका नामवंत पेगन (विक्कासारख्या निसर्गपूजक पंथांचं हे एकत्रित नाव) गायकाला मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती बाळगल्याबद्दल अटक झाली आणि पुढे तो दोषी ठरला. अटकेनंतर एकेक जण बोलायला लागलं, की या माणसाबद्दल आम्हाला आधीपासून शंका होती, आम्ही सांगितलंही होतं. सांगितलं कोणाला? प्रत्येक कव्हन स्वतंत्र. एका ठिकाणाहून हाकललेला माणूस दुसऱ्या राज्यातल्या जत्रेत गिटार घेऊन बसतो आणि तिथल्यांना काहीच ठाऊक नसतं. ‘कोणाला इजा होणार नसेल तर हवं ते कर’ हे विक्कन वचन चांगलंच आहे, पण इजा झाली की नाही हे ठरवायचं कोणी? ज्याला झाली त्यानं जायचं कुठे? चर्चमध्ये अशी प्रकरणं दडपली गेली, बाबा-बुवांच्या आश्रमांत दडपली गेली. इथे दडपायला वर कोणी नव्हतं, तरी मुलांना तेवढाच धोका राहिला. ‘आमच्यात गुरू नाहीत’ हे उत्तर मला पुरत नाही.

उलटं उदाहरणही आहे. सॅन होजेला दर फेब्रुवारीत पॅन्थियाकॉन नावाचं मोठं संमेलन भरायचं. २०१२ मध्ये तिथे एका विधीला फक्त जन्मानं स्त्री असलेल्यांनाच प्रवेश ठेवला. पारलिंगी स्त्रियांसाठी दार बंद. दाराबाहेर लोक नुसते गप्प बसून राहिले. तो निषेध आणि त्यानंतरची चर्चा पुढे बऱ्याच गटांना आपले नियम लिहून काढायला भाग पाडून गेली. संमेलन २०२० नंतर भरलंच नाही. एवढं मोठं काम वर्षानुवर्षं पाठीवर वाहणारी माणसं मूठभर असतात, हा खुर्च्या आवरण्याचाच प्रश्न, मोठ्या आकारात.

आता आपल्याकडचं. इथे अमेरिकेत तरुण मुली अभिमानानं स्वतःला चेटकीण म्हणवतात तेव्हा मला सातपुडा आठवतो. नंदुरबारकडे बायांना डाकीण ठरवून मारलंय, गावाबाहेर काढलंय. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादा माणूस करणी करतो, मंत्रतंत्रानं गुरांचं दूध आटवतो, असं जाहीर करून त्याला छळणं त्यात गुन्हा आहे. दूध आटवल्याचा हाच आरोप स्कॉटलंडमधल्या बायांवरही होत असे. मी हे मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ त्यावरच बोलत राहिल्या. दक्षिण आफ्रिकेतले पेगन लोक दर वर्षी अशा छळाविरुद्ध मोहीम चालवतात आणि जुलै २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनंही यावर ठराव केला. ज्यांना हा शब्द सुरक्षितपणे मिरवता येतो त्यांनी या बायांसाठी उभं राहिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

संख्या वाढतेय हे खरं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत ७४ हजार जणांनी पेगन आणि १३ हजारांनी विक्का लिहिलं. त्यात एकेकटे किती आणि गटात किती, हे जनगणना विचारत नाही.

मैत्रिणींच्या गटात सध्या नियमावलीचा मसुदा फिरतोय. मुलांसोबत काम करणाऱ्याची पोलीस पडताळणी, मुलांच्या खोलीत कायम दोन मोठी माणसं, तक्रार घेणाऱ्या तिघांत एक गटाबाहेरची व्यक्ती. दोन ज्येष्ठांचा कडक विरोध आहे. अशानं आपलं चर्च होईल म्हणतात. मला मतदानाचा हक्क नाही, मी सभासद नाही, पण गटाबाहेरची व्यक्ती म्हणून माझं नाव सुचवलंय आणि मी हो म्हटलंय. फेब्रुवारीत इम्बोल्क या त्यांच्या सणाच्या आधी मतदान आहे. तोवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईंना खुर्च्या उचलू द्यायच्या नाहीत, हे कलम मीच घालायला लावलंय. त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.