त्याला स्कोप काय?

सगळी दुनिया इग्नूतून (म्हणजे घरबसल्या शिकवणाऱ्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून) बीए नाहीतर एमबीए करते, तुम्ही नका करू. आपण जरा वेगळे आहोत असं तुम्हाला आठवीपासून वाटतंय ना, मग डिग्री पण तशीच पाहिजे, जिचं नाव ऐकून समोरचा क्षणभर गप्प होईल आणि मग विचारेल, "त्याला स्कोप काय?" हा प्रश्न आला की समजायचं निवड अचूक झाली.

आता शोधायची कशी. 1985 साली संसदेत कायदा करून काढलेलं विद्यापीठ आहे, कोर्सची यादी शेकड्यात जाते, त्यामुळे वरची दहाबारा नावं बघून थांबायचं नाही (तिथे सगळेच थांबतात), स्क्रोल करून अंगठा दुखायला लागला की खरा माल सुरू होतो. गांधी आणि शांती अध्ययनात एमए. लोकसाहित्य आणि संस्कृतीत एमए. ज्योतिषात एमए, 2021 मध्ये सुरू झालं तेव्हा वैज्ञानिक मंडळी केवढी चिडली होती, म्हणजे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन्ही बाजूंनी वाद गॅरंटीड. घरात माळकरी आजोबा असतील तर मीट टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा. आणि तुम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचकेमध्ये राहत असाल तर मधमाशीपालनाचं सर्टिफिकेट, सहा महिन्यांत होतं, शिवाय त्याचा कोड आहे सीआयबी. सोसायटीत नुसतं "सीआयबी करतोय" एवढंच सांगायचं, हळू आवाजात. पोरगा गुप्तहेर खात्यात लागला असं लोक आपणहून समजतात.

नाशिकच्या मुक्त विद्यापीठाकडे मात्र फिरकू नका. त्यांचं ब्रीदच 'ज्ञानगंगा घरोघरी', बरीच पुस्तकं मराठीत, म्हणजे वाचली तर चुकून समजायची.

मुदतीकडे नीट लक्ष द्या, खरी सोय तिथेच आहे. दोन वर्षांचं एमए चार वर्षांपर्यंत ताणता येतं. लग्नात मावशीने "सध्या काय करतोस?" विचारलं की चार वर्षं एकच उत्तर, आणि 2022 पासून यूजीसीने (विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या आयोगाने) एकावेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिलीय, मग एक ताणत ताणत दुसरी सुरू करायची, हिशोब घाला, चाळिशीपर्यंत आरामात 'शिकतोय'.

असाइनमेंटला साधारण 30 टक्के वजन असतं म्हणे, आणि ती हाताने लिहायची. घाबरू नका, सोडवलेली पीडीएफ कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवर पन्नासेक रुपयांत मिळतेच, शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री ती बघून वहीत उतरवायची, अक्षर तुमचं, मजकूर परमेश्वराचा. प्रश्न वाचायची गरज नाही, उगाच हात थांबतो.

मग एक दिवस पोस्टमन पुस्तकांचं जाडजूड पार्सल आणून देतो. फोडायचं नाही! त्याचा एक फोटो काढायचा, 'नवी सुरुवात' लिहून स्टेटसला टाकायचा आणि पार्सल कपाटावर ठेवून द्यायचं. आतमध्ये फार धोका असतो. लोकसाहित्याच्या पुस्तकात तुमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच काहीतरी निघालं तर तुम्ही तिला फोन करणार, ती तासभर गात बसणार, तुम्ही ते रेकॉर्ड करणार, आणि मग हे आपल्याला खरंच आवडतंय असं वाटायला लागलं तर चार वर्षांच्या प्लॅनचं काय?

एक गोष्ट सांगू नये, पण सांगतो. यातली बरीचशी पुस्तकं ई-ज्ञानकोश नावाच्या साइटवर फुकट आहेत, अ‍ॅडमिशन नको, फी नको, परीक्षा नको, आत्ता फोनवर उघडून वाचा. पण सर्टिफिकेट मिळत नाही हो. मग वाचून करायचं काय, त्याला स्कोप काय?