आठव्या वर्षानंतर सायकल येत नाही, हे साफ खोटं आहे

परवा घरच्या ग्रुपवर ताईने एक मेसेज पुढे ढकलला. त्यात चार मुद्दे होते: 8 वर्षांनंतर मेंदूतलं तोल सांभाळायचं केंद्र बंद होतं, वयात आलेली मुलगी सायकल शिकली तर गर्भाशयाला इजा होते, शिकवायचंच असेल तर साईडची चाकं लावा, आणि पडल्याशिवाय सायकल येत नाही. असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्याच लेकीला, 12 वर्षांची झाली तरी सायकल येत नाही. आणि मेसेजखाली ताईने लिहिलं होतं, 'राहू दे आता, 18 ची झाली की स्कूटीच शिकेल.' पोरीने तेही वाचलं.

आधी गर्भाशयाचं, कारण हा मुद्दा सगळ्यात घातक. गर्भाशय ओटीपोटात, कमरेच्या हाडांच्या आत असतं. सीटवर बसल्यावर भार येतो तो बसायच्या दोन हाडांवर. सीट फार उंच असेल किंवा तिचं टोक वर गेलेलं असेल तर टोचतं, कातडी सोलवटते. मग सीट खाली घ्यायची. त्यासाठी मुलीला घरी कशाला बसवायचं?

तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून बायकांना सायकल शिकवायची चळवळच उभी राहिली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती उचलून धरली. पत्रकार पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन लिहून ठेवलंय: लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीतल्या. लेडीज सायकली पुरेनात म्हणून त्यांनी दांड्याच्या सायकली घेतल्या आणि पुढे त्याच त्यांना सोयीच्या वाटल्या, कारण दांड्यावर मूल बसवता येतं. लेकुरवाळ्या बायका होत्या या. मेंदूतलं केंद्र 8 व्या वर्षी बंद होत असतं, तर या कशा शिकल्या? आपल्याकडे महाराष्ट्रातही सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आठवीतली मुलगी 13 वर्षांची असते.

साईडच्या चाकांबद्दल थोडक्यात. ती लावली की सायकल कलतच नाही, आणि सायकल शिकणं म्हणजे ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवणं. जे शिकायचं तेच ती चाकं शिकू देत नाहीत. त्यापेक्षा दोन्ही पायडल काढा. 15 नंबरचा पाना लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नेहमीसारखं फिरवलं तर ते आणखी घट्ट बसेल. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. मग अगदी थोड्या उताराच्या मोकळ्या जागी पायांनी ढकलत जायचं, नजर पुढे, चाकाकडे नाही. मागून सीट धरून पळू नका, मूल तुमच्याच हातावर रेलतं. पाय उचलून दहा-पंधरा पावलांचं अंतर सरळ जायला लागलं की पायडल परत बसवा. मोठ्या मुलाला हे तोंडी सांगितलेलं कळतं, पाचव्या वर्षी कळत नाही.

पडण्याबद्दल मेसेजात थोडं तथ्य आहे, मान्य. मोठं मूल जास्त उंचीवरून, जास्त वजनानिशी पडतं, आणि त्याला लाजही जास्त वाटते. सोसायटीतली सहा वर्षांची पोरं शेजारून सुसाट जात असताना बारा वर्षांच्या मुलीने पाय घासत सायकल ढकलायची, हे सोपं नाही. म्हणून हेल्मेट घालायचं आणि कुणी बघायला नसेल अशा वेळी शिकायचं. पण पडलंच पाहिजे असं काही नाही. पाय जमिनीला टेकत असतील तर ती पाय टेकून थांबेल.

ताई, रविवारी सकाळी साडेसहाला येतो. शाळेचं मैदान तेव्हा रिकामं असतं. पाना मी आणतो, तू फक्त सायकलीत हवा भरून ठेव. आणि तो मेसेज काढून टाक.